युरोपांतून अमेरिकेंत नोकरीसाठीं जातांना

परदेशीं बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे पेट्या बांधावयाच्या, तिकिटें काढावयाचीं आणि इष्टमित्रांचा निरोप घ्यावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. युरोपांतून अमेरिकेंत जाणाऱ्या कुटुंबाच्या मनांत तर ती अधिकच दृढ असते. पोषाख तोच, जेवण बहुतेक तेंच, भाषाहि पुष्कळांना येणारी. मग अवघड तें काय? वस्तुतः या स्थलांतरांत सामान सुखरूप पोंचतें. पोंचत नाहीं ती माणसाची पत. नोकरीची शाश्वती, विम्याचें छत्र आणि व्यवहारांत मिळविलेला विश्वास हीं तिन्ही मागेंच राहतात. खरी तयारी करावयाची ती या तीन गोष्टींची.

स्टुटगार्टच्या एका कारखान्यांतील अभियंत्याची त्याच कंपनीच्या डेट्रॉइट येथील शाखेंत बदली झाली, असें समजूं. पहिला प्रश्न व्हिसाचा. कंपनीअंतर्गत बदलीसाठीं एल-१ व्हिसा असतो. त्याकरितां मागील तीन वर्षांपैकीं निदान एक वर्ष सलग त्या कंपनीची नोकरी अमेरिकेबाहेर झालेली असावी लागते. नव्या मालकाकडे जाणाऱ्या पदवीधराला बहुधा एच-१बी व्हिसाची वाट धरावी लागते. या व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५,००० असून अमेरिकन विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीं आणखी २०,००० राखून ठेविलेले असतात. त्यामुळें पात्र असलेल्या प्रत्येकाची निवड होईलच असें नाहीं. पहिल्या प्रकारांत पत्नीला अथवा पतीला तेथें काम करतां येतें, दुसऱ्यांत सामान्यतः येत नाहीं. घरांत दोघेहि मिळवते असतील तर हा भेद आधींच लक्षांत घेतला पाहिजे.

जर्मनींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत कायम वास्तव्याचा परवाना देतांना वार्षिक कोटा नागरिकत्वावरून नव्हे, तर जन्मदेशावरून मोजतात. म्हणून जर्मन पासपोर्ट घेतला तरी भारतांत जन्मलेल्या माणसाची रांग सामान्यतः भारताचीच राहते, आणि ती फार लांब आहे.

आतां नोकरीच्या शाश्वतीविषयीं. जर्मन कायद्यानें, वीस वर्षें एका ठिकाणीं काम केलेल्या माणसाला काढावयाचें तर मालकाला सात महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते. अमेरिकेंत मोंटाना राज्य सोडलें तर, करारांत अन्यथा नमूद नसल्यास, मालकाला कारण न सांगतां नोकरी संपवितां येते. अशा प्रसंगीं या व्हिसांवरील माणसाला देशांत राहण्यास जास्तींत जास्त ६० दिवसांची सवड मिळते. रजेचीहि तीच गत. युरोपीय संघांत वर्षाला निदान चार आठवड्यांची पगारी रजा हा हक्क आहे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यांत तशी सक्ती नाहीं. यास्तव रजा, आगाऊ सूचना, परतीचा खर्च आणि जुन्या जागेवर परत घेण्याचें आश्वासन हीं सर्व निघण्यापूर्वीं लेखी करून घ्यावीं. तोंडी आश्वासन देणारा अधिकारी उद्यां त्याच खुर्चीवर असेल असें नाहीं.

दुसरी गोष्ट विम्याची. अमेरिकेंत नोकरदारांचा वैद्यकीय विमा बहुधा नोकरीशींच बांधलेला असतो. तो कोणत्या दिवशीं सुरू होतो, पत्नी व मुलें त्यांत येतात कीं नाहीं, आणि विमा लागू होण्यापूर्वीं दरसाल किती रक्कम पदरची भरावयाची, हे तीन प्रश्न पगाराच्या आंकड्याइतकेच महत्त्वाचे आहेत. वीस वा अधिक नोकर असलेल्या मालकाकडील नोकरी सुटल्यास तोच विमा साधारणतः १८ महिने चालू ठेवतां येतो. मात्र मालकाचा हिस्साहि आपणच भरावा लागतो. वृद्धापकाळच्या निवृत्तिवेतनाची सोय त्यामानानें बरी आहे. जर्मनी व अमेरिका यांच्यांत १९७९ पासून अंमलांत असलेल्या करारानुसार, पांच वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठीं पाठविलेला नोकर जर्मन योजनेंतच राहूं शकतो. त्याचा दाखला प्रस्थानापूर्वींच मिळवावा.

तिसरी गोष्ट पतीची. अमेरिकेंत कर्जफेडीच्या इतिहासावरून माणसाच्या पतीचा आंकडा काढतात. तो ३०० पासून ८५० पर्यंत असतो. घर भाड्यानें देणारा आणि मोटारीसाठीं कर्ज देणारा हे दोघेहि तो पाहतात. जर्मनींत तीस वर्षें एकहि हप्ता न चुकविलेला गृहस्थ तेथें नवजात बालकासारखा असतो. म्हणून जुन्या घरमालकाचें, बँकेचें आणि मोटार-विमा कंपनीचें शिफारसपत्र इंग्रजींत घेऊन जावें, कांहीं महिन्यांचा खर्च हातीं ठेवावा, आणि तेथील बँकेंत अनामत ठेवून मिळणारें क्रेडिट कार्ड प्रथम घेऊन त्याचें देणें वेळच्या वेळीं फेडावें. जर्मनींतील खातें ठेवण्यास हरकत नाहीं. परंतु अमेरिकेचा करदाता रहिवासी झाल्यावर परदेशांतील खात्यांतील एकूण रक्कम वर्षांत केव्हांहि १०,००० डॉलरांवर गेली, तर तिची माहिती सरकारला कळवावी लागते.

राहतां राहिलें सामान. जर्मनींत वीज २३० व्होल्टची, अमेरिकेंत १२० व्होल्टची; म्हणून इस्त्री आणि धुलाईयंत्र मागें ठेवणेंच बरें. पंचवीस वर्षांहून कमी वयाची मोटार तेथील सुरक्षानियमांत बसावी लागते; ती विकून टाकणें शहाणपणाचें. उलट जन्माचे व विवाहाचे दाखले, पदव्या आणि मुलांच्या लसींच्या नोंदी प्रमाणित इंग्रजी भाषांतरासह हातांतील पिशवींत घ्याव्यात. जहाजानें येणाऱ्या पेटींत नव्हे. तारखांतील महिना अक्षरांनीं लिहावा. कारण ५/६ म्हणजे जर्मन माणसाला ५ जून, तर अमेरिकन डॉक्टरला ६ मे. शेवटीं, घर सोडल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत जर्मन नगरकचेरींतून आपलें नांव कमी करून त्याचा दाखला घ्यावा.

पेट्या उशिरां पोंचल्या तर फार तर कांहीं दिवस गैरसोय होते. परंतु लेखी करार, विमा किंवा दाखले यांवांचून गेलेल्या कुटुंबाला आजारपण किंवा बेकारी एकाच महिन्यांत उघड्यावर आणूं शकते. तेव्हां निघण्यापूर्वींचे पहिले आठवडे कागदांना द्यावे आणि शेवटचे दोन दिवस पेट्यांना.