गेमसाठी कन्सेप्ट आर्टचं फ्रीलान्स काम शोधताय?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) खेळला असाल, तर त्यातल्या राजस्थानी वळणाच्या वास्तू आठवत असतील. असं जग थ्रीडीत उभं राहण्याआधी ते चित्रातून ठरवतो तो कन्सेप्ट आर्टिस्ट.

म्हणून काम मागताना नुसती देखणी पोस्टरं पाठवू नका! साधा कंदील घ्या. तो समोरून, बाजूने, मागून काढा. काच कशी बसते, वात कुठल्या चावीने वर येते, कडी कुठे दुमडते, पत्रा कुठे गंजलाय, हे बाण काढून दाखवा. चित्रावरून थ्रीडी वस्तू घडवणाऱ्या मॉडेलरला एकही प्रश्न पडता कामा नये. बाद केलेली छोटी स्केचेसही सोबत ठेवा. तुमचा विचार त्यांतच दिसतो, आणि मला तरी तीच सगळ्यात बोलकी वाटतात.

आर्टस्टेशन या पोर्टफोलिओच्या संकेतस्थळावर प्रोफाइल हवंच. स्टुडिओच्या शैलीशी जुळणारी मोजकी चित्रं निवडून ईमेल करा.

काम मिळालं की लेखी ठरवा: आगाऊ रक्कम, दुरुस्त्या किती वेळा, आणि गेम बाजारात आल्यावर चित्रं पोर्टफोलिओत लावायची परवानगी. ती नसेल आणि गोपनीयतेचा करार असेल, तर केलेलं काम कुणाला दाखवता येत नाही. सही करण्याआधी गोपनीयतेचं कलम नीट वाचा.