वेचणीआधीचा खोकला

पहाटे साडेपाच. तेलंगणातल्या बेला मंडलात कापूस वेचणी सुरू झाली की आशाताईला उजाडायच्या आत निघावं लागतं. सातला बाया शेतात गेल्या की गावात उरतात म्हातारी नि पोरं. क्षयाच्या तपासणीसाठी काल दिलेली डबी आज भरून घ्यायची. चूळ भरून, काही न खाता, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, तोही उघड्या अंगणात. नुसती थुंकी चालत नाही, हे रोज नव्यानं सांगायचं.

सहा.
"मावशी, खोकला कधीपासून?"
"कापसाचा केर जातो ना नाकात, बाई. दुसरं काय!"

दोन आठवडे झाले का, असं विचारून उत्तर मिळत नाही. "दसऱ्याला होता का?" असं विचारलं की मिळतं. संध्याकाळी अंग तापतं का? पोलकं ढिलं झालं का? वजनकाटा नसलेल्या घरात पोलक्याइतका खरा साक्षीदार नाही. फॉर्म तेलुगूत, प्रश्न मराठीत. कोलामांच्या वस्तीवर तर शेजारणीलाच मध्ये घ्यावं लागतं.

नऊ. डब्यांवर नावं, थंड पेटी, आरोग्य केंद्र.

अकरा. तिथून नमुने ट्रूनॅटवर. गोव्यात तयार झालेलं हे यंत्र बॅटरीवर चालतं. क्षयाचा जंतू आहे का, हे तासाभरात. रिफाम्पिसिनला तो दाद देईल का, हे पुढच्या तासात. सूक्ष्मदर्शकात दिसायला बेडक्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू लागतात, इथं बरेच कमी पुरतात. लवकर निदान म्हणजे हाच फरक.

दोन. एक्स-रे शिबिर. खोकल्याच्या प्रश्नावर विसंबणं मला तरी पटत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय क्षयरोग पाहणीत एक्स-रे काढला नसता तर 42.6 टक्के रुग्ण निसटले असते. म्हणून साखरेचे रुग्ण, साठीपुढचे, पूर्वी क्षय झालेले यांना खोकला नसला तरी रांगेत उभं करायचं. निम्मे येतच नाहीत, मजुरी बुडते.

सहा. एक अहवाल पॉझिटिव्ह. निक्षय पोर्टलवर नोंद, सहा महिन्यांच्या गोळ्या, पोषणासाठी नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला हजार रुपये. बँकेचं खातं धड नसेल तर तेही अडतात.

आठ. "गावात नको सांगू, ताई." नाही सांगत. पण घरात कोण कोण झोपतं? सून तान्ह्याला घेऊन माहेरी गेलीय, पैनगंगेपलीकडे, यवतमाळ जिल्ह्यात. राज्य बदललं, यादी बदलली. पाच वर्षांखालच्या पोराला क्षय नाही ना, हे तपासून प्रतिबंधक औषध द्यायलाच हवं. ताई सुनेचा नंबर लिहून घेते. तिकडच्या आशाला सकाळी फोन.