बीट सारखे, काम सारखे नाही

बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबात मचाणावर बसणाऱ्यांना हे ठाऊक असतं: एका पाणवठ्यावर रात्रभर वर्दळ, तर दुसऱ्यावर ससाही फिरकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल बीटांमध्ये वाटलेलं आहे, बीटाला वनरक्षक आहे. जनावरांना मात्र हद्द ठाऊक नसते. प्लाझ्माचं गणित अनेक संगणकांवर वाटून देणाऱ्यांची अडचण हीच आहे.

प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू. सूर्य त्याचाच बनलेला, मृगाच्या आधी आपल्या रानावर कोसळणाऱ्या विजेची वाटही त्याचीच. त्यातला प्रत्येक कण बाकी सगळ्यांना ओढतो किंवा ढकलतो. दहा लाख कण घेतले तर जोड्या होतात सुमारे 50 हजार कोटी, आणि त्याही पावलागणिक नव्याने मोजायच्या! म्हणून जागेवर जाळी कल्पितात. कणांचा विद्युतभार जवळच्या गाठींवर मांडायचा, त्यावरून विद्युतक्षेत्र काढायचं, त्याच्या बळावर कण पुढे सरकवायचे, की पुन्हा पहिल्यापासून.

या जाळीचा एकेक तुकडा एकेका प्रोसेसरकडे जातो. हद्द ओलांडणारा कण स्थान आणि वेगासकट शेजाऱ्याच्या हवाली करावा लागतो. शेजारच्या काठावरच्या गाठींची नक्कलही जवळ ठेवावी लागते, नाहीतर हद्दीलगतचं बल चुकतं. पण खरी गोम पुढेच आहे. कण एका कोपऱ्यात दाटले की तिथला प्रोसेसर कामाखाली दबतो आणि बाकीचे त्याची वाट पाहत रिकामे बसतात. 1989 मध्ये पॉलेट लीवर आणि व्हिक्टर डेसिक यांनी यावर दोन वेगळ्या वाटण्या सुचवल्या: कणांचं काम करताना कणसंख्या सारखी राहील अशी एक, क्षेत्र काढताना जाळी सारखी कापणारी दुसरी. वेगवान यंत्रापेक्षा मला ही न्याय्य वाटणी मोलाची वाटते.

अनेक प्रोसेसरांनी मिळून काम करायचं, ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याच्या सी-डॅकमध्ये 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला तो याच तत्त्वावर. त्या कामाचं नेतृत्व करणारे विजय भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे.

आज साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ गाभे असतात, आणि त्यांच्यात काम वाटून देणारी साधनं फुकट मिळतात. गोंडवाना विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, हजारभर कण घ्या, जाळीचे दोन भाग करा आणि हद्दीवरचा पहिला कण पलीकडे पाठवून बघा.