हुन्नर हातात, कारखाना घरात

वर्धा रोडवरून रेल्वे लाइन ओलांडून आत आले की मनीषनगर लागते. तेथून पुढे बेसा, बेलतरोडीपर्यंत नव्या घरांची रांग संपत नाही. कोणत्याही गल्लीत जा, कोठेतरी प्लाय कापण्याचा आवाज चालूच असतो. कुणाचे कपाट, कुणाचा दिवाण, कुणाच्या स्वयंपाकघराची दारे. सुतारकामाला या भागात तोटा नाही. मात्र हे काम करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात डोकावून पाहावे, तर पटाशी खाटेखाली, करवत दारामागे, रंधा पोत्यात आणि हिशेब डोक्यात!

वाचकहो, आमच्या घरीही वीस वर्षे हेच चालले होते. आयटीआयमधून सुतारकाम शिकलो, ठेकेदाराच्या हाताखाली राबलो. सकाळी पोते खांद्यावर टाकायचे, संध्याकाळी रोजी घेऊन यायचे. हुन्नर आमचा, भाव ठेकेदाराचा. स्वतःचे काही उभारावे असे मनात येई. पण जागा कोठे आहे, मशीन कोठून आणावी, असे म्हणून विषय मागे पडे.

एके दिवशी एका साइटवर अपघात झाला. फरशी कापण्याचे चार इंची कटर उलटे करून एका फळीखाली स्क्रूने आवळले होते. पाते वर, पात्यावरचे झाकण काढून टाकलेले. अशी ‘टेबल मशीन’ आजही ठिकठिकाणी दिसते. पट्टी कापताना पाते अडकले, लाकूड झटक्याने मागे आले आणि आमच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा शेंडा गेला. दीड महिना घरी बसलो. त्या दीड महिन्याची रोजी कुणीही दिली नाही. पत्नी म्हणाली, “बोट गेले ते गेले. आता उरलेली नऊ सांभाळायची असतील तर काम आपल्या जागेत, आपल्या पद्धतीने करा.” त्यातून घरामागच्या सांदवाडीत दहा बाय बारा फुटांची टिनाची खोली उभी राहिली. ती उभारताना जे शिकलो, ते आपल्या बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सांगत आहोत.

आधी जागा, मग मशीन

बहुतेकांची पहिली चूक म्हणजे पैसा हाती येताच मशीन घेणे. आम्ही प्रथम खडू घेतला आणि रिकाम्या खोलीच्या जमिनीवर आखणी केली. प्लायचा पूर्ण ताव आठ फूट लांब आणि चार फूट रुंद असतो. १८ मिलिमीटर जाडीचा ताव ३० ते ३५ किलो भरतो. तो दारातून आत येईल का, आत आला तर वळेल का, हे खडूने आखल्यावरच कळते. दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण ताव कापता येत नाही. म्हणून मोठे ताव आम्ही अंगणात दोन घोड्यांवर ठेवून कापतो आणि आत फक्त तुकडे नेतो. जागा लहान असेल तर कामाचे असे दोन भाग पाडावेत.

दुसरी गोष्ट कामाच्या टेबलाची. आपल्याकडे सुतार उकिडवा बसून, पायाने लाकूड दाबून काम करतो. चाळिशीत गुडघे आणि कंबर बोलू लागतात. सरळ उभे राहून हात खाली सोडावेत आणि मनगट जेथे येईल तेवढी टेबलाची उंची ठेवावी. बहुतेकांना ती ३२ ते ३६ इंचांच्या दरम्यान बसते. टेबल जड हवे, रंधा मारताना हलू नये. आमचे टेबल पाडलेल्या घराच्या जुन्या चौकटीचे आहे. त्याला एका बाजूस वाइस बसविला आहे. लाकूड धरण्याचे काम पायाऐवजी वाइसने केले की पायही वाचतात.

तिसरी गोष्ट उजेडाची. टेबल खिडकीजवळ ठेवावे. ट्यूबलाइट दोन लावाव्यात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. एकच दिवा असला की हाताची सावली नेमकी रेघेवर पडते आणि कापणे चुकते.

प्रत्येक हत्याराला आपले घर

एका भिंतीवर आम्ही प्लायचा ताव ठोकला. त्यावर करवत, हातोडी, गुण्या, पटाश्या, पक्कड असे प्रत्येक हत्यार ठेवून त्याभोवती पेन्सिलने रेघ ओढली आणि ती रेघ रंगाने भरली. आता हत्यार जागेवर नसेल तर भिंतीवर त्याची रिकामी आकृती दिसते. संध्याकाळी आमची धाकटी मुलगी दारातूनच ओरडते, “बाबा, गुण्या घरी आला नाही!” पूर्वी रोज अर्धा तास हत्यार शोधण्यात जाई, तो वाचला.

खिळे आणि स्क्रू यांसाठी पैसा घालविण्याची गरज नाही. लोणच्याच्या, कॉफीच्या काचेच्या बाटल्या धुऊन घ्याव्यात. बाटलीचे झाकण फळीच्या खालच्या अंगाला स्क्रूने बसवावे आणि बाटली फिरवून त्यात अडकवावी. आत काय आहे ते दिसते, जागाही अडत नाही.

हत्याराची धार ही तर कारागिराची इज्जत होय. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हात घसरतो. पटाशीचा उतार २५ ते ३० अंशांच्या दरम्यान ठेवावा. आठवड्यातला एक ठरावीक वेळ धार काढण्यासाठी राखून ठेवावा. आमचा रविवार सकाळचा आहे.

लाकडाची ठेवण

नागपूरचे ऊन आपणास ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा कोरडी होते आणि लाकूड आकसते. पावसाळा लागला की तेच लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगते. उन्हाळ्यात घट्ट बसविलेले दार श्रावणात लागत नाही ते यामुळेच. लाकूड फुगते ते रुंदीला. लांबीत त्याला फारसा फरक पडत नाही. म्हणून भर उन्हाळ्यात दार बसविताना कडेने थोडी जागा सोडावी आणि मालकाला कारणही सांगावे. नाही तर चार महिन्यांनी दोष आपल्या माथी येतो.

लाकूड जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. वीतभर उंच आडव्या ओंडक्यांवर रचावे, दोन थरांत पातळ पट्ट्या टाकाव्यात म्हणजे हवा खेळते. लाकडाच्या टोकांना रंग फासावा. टोके लवकर वाळतात आणि तेथूनच चिरा पडतात. उंच ठेवल्याने वाळवी लागली तर वेळीच दिसते, पाणी शिरले तरी माल वाचतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागपूरच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हापासून आम्ही मशीनही जमिनीवर ठेवत नाही.

साग घेताना पांढरा भाग किती आहे ते पाहावे. त्याला कीड लवकर लागते. आपल्या विदर्भाचा साग नावाजलेला आहे. बल्लारपूरच्या आगारातून तो दूरदूर जातो. दिल्लीच्या नव्या संसद भवनात, ज्याचे उद्घाटन २०२३ साली झाले, नागपूरकडूनच सागवान गेले. आमच्यासारख्याला मात्र लकडगंजच्या टालावर उभे राहून घनफुटाचा हिशेब करावा लागतो. तो घरातील प्रत्येकाला यावा. लांबी फुटांत, रुंदी इंचांत, जाडी इंचांत. तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागावे. सात फूट लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड असा नग असेल तर ८४ भागिले १४४, म्हणजे सुमारे ०.५८ घनफूट. आमच्या घरी हा हिशेब पत्नी करते. टालावर ती सोबत आली की मापात गफलत होत नाही! लाकडाची पावती मात्र जपून ठेवावी; माल कोठून आणला हे विचारले जाऊ शकते.

बोटे आणि फुप्फुसे

आता जे सर्वांत महत्त्वाचे ते सांगतो. कटर उलटे करून वापरू नका. ताव घोड्यांवर आडवा ठेवा, त्यावर सरळ पट्टी दोन क्लॅम्पने आवळा आणि मशीन त्या पट्टीच्या आधाराने चालवा. लाकूड स्थिर आणि मशीन फिरती, असे असले की हात पात्यापासून दूर राहतो. पात्यावरचे झाकण काढू नका. पाते बदलताना प्लग काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. गळ्यात दुपट्टा, लोंबती बाही, हातात कापडी मोजे घालून फिरत्या पात्याजवळ जाऊ नका; पाते कापड ओढते आणि कापडासोबत हात ओढला जातो. डोळ्यांना चष्मा हवाच.

विजेच्या जोडणीला अर्थिंग नीट करून घ्यावे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज शरीरातून जमिनीकडे वाहू लागताच तो क्षणात जोडणी तोडतो. घरगुती मीटरवर हे काम चालते की वेगळे मीटर लागते, हे महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

बोट तुटले तर दिसते. धूळ मात्र दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीचा समावेश माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केला. ही धूळ विशेषतः नाकातील पोकळ्यांना घातक ठरते. प्लाय आणि एमडीएफच्या डिंकातील फॉर्मल्डिहाइडही त्याच यादीत आहे. म्हणून तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क लावावा. खोलीला समोरासमोर दोन खिडक्या असाव्यात. झाडू मारून धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. कामाचे कपडे खोलीतच बदलावेत. त्या कपड्यांनी लेकराला कडेवर घेऊ नये. कारखाना घरात असला तरी त्या खोलीत कुणी झोपू नये, तेथे स्वयंपाक होऊ नये आणि बिडी तर मुळीच ओढू नये. भुसा, थिनर आणि पॉलिशची फडकी एकत्र पडली की आगीला निमित्तच पुरे.

शेजारधर्म

खोली सुरू झाली त्या पहिल्या महिन्यात एका शेजारच्या आजी कुंपणाजवळ आल्या. म्हणाल्या, “भाऊ, रात्री मशीन नका लावत जाऊ जी. नातीची परीक्षा आहे.” आम्ही ओशाळलो. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची कायद्याने ठरलेली मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. पण कायद्यापेक्षा आजींचा शब्द मोठा. आता संध्याकाळी सातनंतर मशीन बंद. त्यानंतर फक्त हाताचे काम, घासणे, पॉलिश, हिशेब. त्या नातीच्या अभ्यासाचे टेबल आमच्याच खोलीत तयार झाले आणि त्या टेबलामुळे गल्लीतली आणखी तीन कामे मिळाली.

भांडवलाचे काय?

पहिल्या वर्षी आम्ही कर्ज काढले नाही. हातातली हत्यारे, एक ड्रिल आणि एक कटर यांवरच काम केले. जे काम वारंवार येते आणि हाताने परवडत नाही, त्याचीच मशीन घ्यायची, असा नियम ठेवला. तरी ज्यांना मदत हवी त्यांच्यासाठी मार्ग आहेत. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. त्यात अल्प मुदतीचे प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने प्रथम १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशी तरतूद ठेवण्यात आली. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. १९७८ पासून काम करीत असलेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडेही अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी कर्जयोजना असतात. जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी, दलालाच्या हाती कागद देऊ नयेत.

सुतारच करता का?

थोरली मुलगी दहावीत आहे. शाळेतून आली की तास-दोन तास खोलीत रमते. तिने बनविलेले पुस्तकांचे रॅक आता बैठकीत आहे. मागे तिचे मामा आले होते. रॅक पाहून खूश झाले, पण जाताना म्हणाले, “भाऊजी, पोरीले शिकवून सुतारच करता का?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शाळेत घातले ते हातातली घाणीची, कष्टाची कामे सुटावीत म्हणून. पण बाबासाहेबांचा रोख श्रमावर नव्हता, जन्माने कपाळी मारलेल्या धंद्यावर होता. लाहोरला होऊ न शकलेले आणि १९३६ साली पुस्तकरूपाने छापलेले त्यांचे भाषण हेच सांगते, की माणसाला आपल्या कुवतीने आणि आवडीने काम निवडता आले पाहिजे. सुतारकी आमच्या बापजाद्यांची नाही. आम्ही ती सरकारी संस्थेत, वहीत आकृत्या काढून, परीक्षा देऊन मिळविली. विद्या जशी कुणाच्या बापाची मिरास नाही, तसा हुन्नरही नाही.

मामांना आम्ही एवढेच सांगितले, आधी पुस्तक, मग पटाशी. आणि पुढे काय व्हायचे ते तिचे ती ठरवील. ती इंजिनिअर झाली तर रेघ सरळ ओढील, आणि सुतार झाली तर ठेकेदाराच्या उलट्या कटरवर बोट ठेवणार नाही.

बांधवांनो, ज्यांच्या हातात हुन्नर आहे त्यांनी येत्या रविवारी एवढेच करावे. खाटेखालचे पोते बाहेर काढा, हत्यारे पुसा, धार काढा आणि भिंतीवर एक फळी ठोकून प्रत्येकाला जागा द्या. कारखान्याची सुरुवात तेथूनच होते.