कुत्न, कॉटन आणि रुई

मंडळी, अमरावती-अकोल्याच्या श्रोत्यांना कापूस काय असतो ते मी काय सांगणार? मी फक्त त्याच्या नावांबद्दल बोलतो.

अरबीत कापसाला 'कुत्न' म्हणतात. व्यापाराबरोबर हा शब्द युरोपात गेला. इटालियनमध्ये 'कोतोने' झाला, इंग्रजीत 'कॉटन'. स्पॅनिश लोकांनी अरबीचं 'अल' हे उपपदसुद्धा उचललं, म्हणून त्यांचा 'आल्गोदोन'. त्याच 'अल-कुत्न'पासून मध्ययुगीन इंग्रजीत 'ॲक्टन' आला. त्याचा अर्थ चिलखताखाली घालायचा कापूस भरलेला डगला! जर्मनीत 'काटून' पोचला तो कापड म्हणून. तंतूला मात्र जर्मन लोक 'बाउमवोले' म्हणतात, म्हणजे झाडाची लोकर. हिंदुस्थानातल्या झाडांना लोकर लागते, असं इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसनेही लिहून ठेवलंय.

आपले नैयायिक 'पाचक'सारख्या शब्दाला यौगिक म्हणतात. अवयवांचा अर्थ जोडला की शब्दाचा अर्थ मिळतो. 'बाउमवोले' जन्मला तसाच. पण आजचा जर्मन माणूस सुती सदरा घालताना ना झाड आठवतो, ना लोकर. योग मागे पडला, रूढी उरली.

आपला 'कार्पास'ही तिकडे गेला होता, बरं का. लॅटिनमध्ये त्याचा 'कार्बासुस' झाला आणि अर्थ झाला जवसाच्या धाग्याचं तलम कापड, पुढे जहाजाचं शीड. आपण वऱ्हाडात जवस तेलासाठी पेरतो, ते वेगळं.

एकोणिसाव्या शतकात तर आपल्या गावाचंच नाव मालाला लागलं. इंग्रज अमरावतीला 'ऊमरावती' लिहीत. त्यावरून वऱ्हाडी कापसाला बाजारात 'ऊमरा' म्हणू लागले. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीत तिकडचा माल अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानी कापसाची फार गरज पडली.

इंग्रजीत झाड, तंतू, सूत, कापड, सगळ्यांना 'कॉटन' चालतं. आपल्याकडे उभी असते ती पऱ्हाटी. तिला बोंड येतं, बोंडातून वेचतो तो कापूस. जिनात गेला की सरकी वेगळी, रुई वेगळी. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा. आता पोरंही घरी 'कॉटन'च म्हणतात. म्हणोत. पण जागतिक बाजारात 'कॉटन तेजीत' अशी बातमी येते, तेव्हा तो भाव रुईचा असतो. शेतकऱ्याच्या गाडीत असतो सरकीसकट कापूस. रुई चढली आणि सरकी उतरली, तर त्याच्या क्विंटलमागे नेमकं किती वाढलं, हा हिशेब 'कॉटन' या एका शब्दात मांडता येत नाही.