पडदा नेमका केवढा?

मुलांच्या अभ्यासासाठी संगणक घ्यावयाचे ठरले, की दुकानदार सांगतो, “हा पडदा २० इंची.” वाचकहो, हे २० इंच म्हणजे पडद्याची रुंदी नव्हे आणि उंचीही नव्हे, तो त्याचा कर्ण होय, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरपे अंतर. केवळ त्यावरून पडद्याचे क्षेत्रफळ कळत नाही.

जुन्या धर्तीच्या पडद्यात रुंदी व उंची यांचे प्रमाण ४:३ असे. कर्ण २० इंच असता रुंदी १६ व उंची १२ इंच येते. दोहोंच्या वर्गांची बेरीज ४००, म्हणजेच २० चा वर्ग. बौधायनाच्या शुल्बसूत्रातील नियम तो हाच! क्षेत्रफळ झाले १९२ चौरस इंच. हल्लीच्या रुंद पडद्यात हे प्रमाण बहुधा १६:९ असते. तेथे त्याच कर्णाला रुंदी सुमारे १७.४ व उंची ९.८ इंच भरते आणि क्षेत्रफळ अवघे १७१ चौरस इंच. कर्ण तेवढाच, पडदा मात्र लहान!

तेव्हा खरेदीस जाताना मोजपट्टी जवळ ठेवावी. कडेची चौकट सोडून रुंदी व उंची मोजावी आणि गुणाकार मुलांकडून करवून घ्यावा. पैसा सत्कारणी लागेल आणि पाठ्यपुस्तकातील भूमितीही घरात नांदू लागेल.