धातुपृष्ठांमधील संपर्करोध : उष्णतासंक्रमणाचा एक दुर्लक्षित घटक

प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. पुढे विद्युतीकरण झालेल्या या मार्गावर दीर्घकाळ १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरात होता. २०१५ पर्यंत मुंबई-कल्याण मुख्य मार्गावर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. आजच्या उपनगरी गाड्यांत मोटरींना वीज पुरविणारे अर्धवाहक घटक काम करताना तापतात. ही उष्णता घटकाच्या धातूच्या तळातून शीतक-पट्टीत जाते. या दोन धातूंमधील सांध्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संपर्काचे स्वरूप

गुळगुळीत भासणारा पृष्ठभागही सूक्ष्म पातळीवर उंचसखल असतो. त्यामुळे दोन पृष्ठभाग केवळ शिखरांवर एकमेकांना टेकतात. प्रत्यक्ष संपर्कक्षेत्राचे दृश्य क्षेत्राशी असलेले गुणोत्तर स्थूलमानाने दाब आणि मऊ धातूची कठीणता यांच्या गुणोत्तराइतके असते. अ‍ॅल्युमिनियमची कठीणता सुमारे १००० मेगापास्कल मानल्यास १ मेगापास्कल दाबाखाली ते अवघे ०.१ टक्का भरते. उर्वरित फटींत हवा असते आणि तिची उष्णतावाहकता अ‍ॅल्युमिनियमच्या सुमारे आठ हजारावा भाग असते. परिणामी सांध्यावर तापमान एकाएकी उतरते. यालाच संपर्करोध म्हणतात.

एक उदाहरण

१० चौरस सेंटिमीटर सांध्यातून १०० वॅट उष्णता वाहते असे मानू. कोरड्या सांध्याची संपर्कवाहकता दर चौरस मीटरला, दर केल्विनला ५००० वॅट धरल्यास तापमानात २० अंशांचा फरक पडतो. तेवढ्याच क्षेत्राच्या १० मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियममध्ये हा फरक केवळ ५ अंश असतो. म्हणजेच जाडी नसलेला सांधा ४० मिलिमीटर धातूइतका अडथळा करतो.

फटी भरण्यासाठी औष्णिक लेप (ग्रीस) लावतात. लेपाची वाहकता हवेच्या सुमारे ४० पट, म्हणजे १ एकक मानल्यास, ०.०५ मिलिमीटर थराने फरक ५ अंशांवर येतो. मात्र थर ०.२ मिलिमीटर झाल्यास तो पुन्हा २० अंश होतो. लेप हवेहून सरस असला तरी धातूच्या तुलनेत तो मंदवाहकच आहे. म्हणून जाड लेप लावण्याचे सारे श्रम व्यर्थ ठरतात.

उपनगरी सेवेतील महत्त्व

धीमी गाडी ठाणे आणि कल्याण यांच्या दरम्यान कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली व ठाकुर्ली येथे थांबते. प्रत्येक वेळी गाडी सुटताना व थांबताना घटकांवरील भार बदलतो आणि त्यांचे तापमान वरखाली होते. अशा आवर्तनांत धातू असमान प्रसरण पावतात. त्यामुळे लेप हळूहळू बाहेर ढकलला जाऊ शकतो. मग घटक अधिक तापतो व त्याचे आयुष्य घटते. यास्तव सपाट पृष्ठ, पातळ समान थर आणि स्क्रूंचा नेमका ताण या बाबी देखभालीत निर्णायक ठरतात.

निष्कर्ष

अध्यापनात बहुधा 'आदर्श संपर्क' गृहीत धरला जातो. वरील उदाहरणात या गृहीतकामुळे सर्वांत मोठा रोधच गणितातून वगळला जातो. दोन धातुदंड एकमेकांवर दाबून, सांध्याच्या दोन्ही बाजूंची तापमाने कोरड्या व लेप लावलेल्या स्थितीत मोजण्याचा साधा प्रयोग पदवी प्रयोगशाळेत करता येईल. पुस्तकातील सूत्र आणि प्रत्यक्ष यंत्र यांतील अंतर त्यातून विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येईल.